प्रोग्रॅमच्या पोटातलं चित्र : आयकॉन आत कसा गेला आणि बाहेर कसा येतो

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी या भागाचा हा लिखित मजकूर. बोलण्यातलं पाल्हाळ थोडं कमी केलंय, बाकी बोललो तसंच ठेवलंय.

सुरुवात मार्च २०२२ पासून करू. जुन्या विंडोजचा अभ्यास करणाऱ्या लुकस ब्रुक्स नावाच्या संशोधकानं जाहीर केलं, की विंडोज १.० मध्ये त्याला एक लपवलेली यादी सापडली आहे. विंडोज १.० म्हणजे नोव्हेंबर १९८५ मध्ये बाजारात आलेली पहिली विंडोज. यादी होती ती बनवणाऱ्या माणसांच्या नावांची आणि सोबत अभिनंदनाचा शब्द. त्यात गेब न्यूएल हे नावही होतं. गेम खेळणाऱ्यांनी कान टवकारले असतील. हाच माणूस पुढे व्हॉल्व्ह कंपनीचा सहसंस्थापक झाला, आणि त्याच कंपनीचं स्टीम आज तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या लॅपटॉपवर आहे.

ही यादी जवळपास ३७ वर्षं जगापासून लपून राहिली. ती होती कुठे? एका हसऱ्या चेहऱ्याच्या छोट्या चित्रात. यादीचा डेटा त्या चित्रात लपवून वर एन्क्रिप्टही केलेला होता. आणि ब्रुक्सनं याचं जे कारण सांगितलं, तेच आजच्या विषयाचं मूळ आहे. विंडोज १.० आली तेव्हा तिच्या प्रोग्रॅम फाइलींमधून चित्रं बाहेर काढायची साधनंच नव्हती.

मग प्रश्न पडतो, चित्र प्रोग्रॅमच्या आत ठेवायचंच कशाला? ठेवलं तर बाहेर कसं काढायचं? आणि ते बाहेर काढता येतं याचा फायदा कुणी कुणी घेतला? हा इतिहास वरवर फक्त कॉम्प्युटरवाल्यांचा वाटतो. पण तुमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'लग्नपत्रिका' म्हणून जी एपीके फाइल येते, तिच्यापर्यंत तो सरळ येऊन पोहोचतो.

१२८ बाइटची रांगोळी

आधी एक शब्द नीट समजून घेऊ. एक्झिक्युटेबल फाइल म्हणजे चालणारी फाइल. फोटो आपण बघतो, गाणं वाजवतो, तशी ही फाइल आपण चालवतो. तिच्यात प्रोसेसरसाठी लिहिलेल्या सूचना असतात. विंडोजमध्ये तिच्या नावाच्या शेवटी ईएक्सई असतं. तिचं एक भावंड आहे डीएलएल, ते स्वतः चालत नाही, दुसऱ्या प्रोग्रॅमला मदत करतं.

सुरुवातीच्या काळात पडद्यावर जे काही दाखवायचं, ते या सूचनांच्या मधेच लिहिलेलं असायचं. 'फाइल सापडली नाही' हे वाक्य बदलायचं असेल तर कोड उघडा, वाक्य शोधा, बदला, पुन्हा कंपाइल करा. म्हणजे साधा शब्द बदलायलाही प्रोग्रॅमरच हवा.

जानेवारी १९८४ मध्ये ॲपलचा पहिला मॅकिंटॉश आला. मेमरी किती? १२८ किलोबाइट. आज फॅमिली ग्रुपवर येणारा गुड मॉर्निंगचा एक फोटो याहून मोठा भरेल. मॅकिंटॉशच्या टीममध्ये ब्रूस हॉर्न नावाचा तरुण इंजिनिअर होता. तो झेरॉक्सच्या पार्क या प्रयोगशाळेतून आला होता. त्यानं रिसोर्स मॅनेजर बनवला. कल्पना साधी होती. प्रोग्रॅमचं दिसणं आणि बोलणं त्याच्या डोक्यापासून वेगळं ठेवायचं.

मॅकवर प्रत्येक फाइलीला दोन भाग असत. एक डेटा फोर्क, दुसरा रिसोर्स फोर्क. रिसोर्स फोर्क म्हणजे कप्प्यांचं कपाट समजा. आतल्या प्रत्येक वस्तूला चार इंग्रजी अक्षरांची चिठ्ठी आणि एक क्रमांक. आयकॉनची चिठ्ठी वेगळी, मेनूची वेगळी, डायलॉग बॉक्सची वेगळी. गंमत म्हणजे प्रोग्रॅमचा कोडसुद्धा याच कपाटातला एक रिसोर्स होता, त्याच्या चिठ्ठीवर 'कोड' एवढंच लिहिलेलं.

याचे दोन फायदे झाले. एक, सगळं एकदम मेमरीत आणायची गरज उरली नाही, जे लागेल तेवढंच आणायचं. १२८ किलोबाइटमध्ये हे फार मोलाचं होतं. दुसरा फायदा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. फ्रेंच किंवा जपानी आवृत्ती काढायची तर कोडला हातही लावायला नको. भाषांतर करणारा माणूस कपाट उघडतो, मेनूचे शब्द बदलतो, कपाट बंद करतो. त्याला प्रोग्रॅमिंग यायलाच हवं असं नाही.

आता चित्रांकडे येऊ. मॅकचे मूळ आयकॉन सुझन केअर या चित्रकर्तीनं काढले. तिचं शिक्षण कलेचं, कॉम्प्युटरचं नव्हे. तिनं सुरुवात केली ती चौकटीच्या कागदावर, आपल्या गणिताच्या वहीसारख्या. एका आयकॉनला ३२ आडव्या आणि ३२ उभ्या चौकटी, प्रत्येक चौकट एक तर काळी नाहीतर पांढरी. ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्या कुणालाही हे लगेच कळेल, कुठला ठिपका जोडायचा आणि कुठला सोडायचा एवढाच खेळ. ३२ गुणिले ३२ म्हणजे १०२४ ठिपके. एका ठिपक्याला एक बिट, म्हणून पूर्ण चित्राला १२८ बाइट. हसरा मॅक आणि वात पेटलेला बॉम्ब एवढ्याशा जागेत बसले.

पुढे ॲपलनं रेसएडिट नावाचं साधन दिलं आणि हे कपाट सगळ्यांसाठी उघडं झालं. कुणी कचऱ्याच्या डब्याचं चित्र बदललं, कुणी मेनूतल्या शब्दांच्या जागी स्वतःचे विनोद घातले. दुसऱ्यानं बनवलेल्या प्रोग्रॅमच्या आत डोकावायची सामान्य माणसाला मिळालेली ही पहिली मोठी संधी असावी. खूप जणांचं प्रोग्रॅमिंगचं वेड असल्या खोड्यांतूनच सुरू झालं.

या पद्धतीत एक अडचण मात्र होती. दोन फोर्क ही फक्त मॅकची समजूत. तीच फाइल डॉसच्या फ्लॉपीवर साध्या पद्धतीनं कॉपी केली की रिसोर्स फोर्क मागेच राहायचा. म्हणून बिनहेक्ससारख्या पद्धती निघाल्या, ज्या दोन्ही भाग एकत्र बांधून पाठवत. २००१ च्या मॅक ओएस एक्सपासून ॲपल स्वतःच या पद्धतीतून हळूहळू बाहेर पडलं. आज मॅकवरचं ॲप म्हणजे खरं तर एक फोल्डर असतं. राइट क्लिक करून त्याच्या आत गेलात तर रिसोर्सेस नावाचा फोल्डर समोर दिसतो.

सगळं एकाच फाइलीत

मायक्रोसॉफ्टनं वेगळा मार्ग धरला. दोन फोर्क नाहीत, सगळं एकाच ईएक्सईच्या पोटात.

कुठलीही ईएक्सई फाइल हेक्स एडिटरमध्ये उघडा, पहिली दोन अक्षरं दिसतील एम आणि झेड. ही मार्क झ्बिकोव्स्की यांची आद्याक्षरं. मायक्रोसॉफ्टमधल्या या इंजिनिअरनं डॉसच्या ईएक्सई फाइलीचा साचा ठरवला होता. चाळीसेक वर्षं झाली, फाइलीच्या सुरुवातीला त्यांची सही तशीच आहे. आपल्याकडे जुन्या घराच्या चौकटीवर बांधणाऱ्याचं नाव कोरलेलं असतं ना, अगदी तसं.

विंडोज १.० ला किमान २५६ किलोबाइट मेमरी लागायची. तेवढ्यात खिडक्या, मेनू, फाँट सगळं बसवायचं. त्यामुळे इथेही रिसोर्स वेगळे ठेवले. लागला की डिस्कवरून आणायचा, जागा कमी पडली की मेमरीतून टाकून द्यायचा, परत लागला तर परत आणायचा. प्रत्येक प्रकाराला नंबर दिला. कर्सर १, बिटमॅप २, आयकॉन ३, मेनू ४, डायलॉग ५, वाक्यं ६. हे नंबर आजही बदललेले नाहीत.

मे १९९० मध्ये विंडोज ३.० आली आणि तिच्या आयकॉनचं काम पुन्हा सुझन केअरकडेच आलं. सॉलिटेअरचे पत्तेही तिनेच काढले. म्हणजे दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे चेहरे एकाच हातातले.

आता एक मजेदार अडचण बघा. विंडोजमध्ये आयकॉनवर क्लिक करून प्रोग्रॅम सुरू करायचा. पण लोकांकडे होते डॉसचे प्रोग्रॅम, आणि त्यांच्या पोटात आयकॉन नव्हताच! त्यांना चेहरा कुठून आणायचा? १९९२ च्या विंडोज ३.१ सोबत मायक्रोसॉफ्टनं 'मोरआयकॉन्स' नावाची एक डीएलएल फाइल दिली. त्यात त्या काळच्या लोकप्रिय डॉस प्रोग्रॅमसाठी तयार चेहरे भरून ठेवले होते. ही फाइल विंडोज १० मध्येही सापडते. तुमच्याकडे विंडोजचा लॅपटॉप असेल तर सिस्टम३२ फोल्डरमध्ये शोधा.

एखाद्या शॉर्टकटवर राइट क्लिक करून 'चेंज आयकॉन' दाबलं की चित्रांची जी पट्टी उघडते, ती म्हणजे एका फाइलीच्या पोटातून त्या क्षणी बाहेर काढलेले आयकॉन. आपण सगळ्यांनी हे काम केलेलं आहे, फक्त त्याला नाव दिलेलं नव्हतं.

बाहेर कसा काढतात?

१९९३ च्या विंडोज एनटीसोबत ईएक्सईचा नवा साचा आला, पीई. आज आपण वापरतो तो हाच. त्यातून आयकॉन काढायची पद्धत सांगतो. थोडी तांत्रिक आहे, पण दोन मिनिटं सोबत राहा.

फाइल उघडली की आधी एम-झेड. सुरुवातीपासून ६० बाइट पुढे गेलं की एक आकडा मिळतो. तो सांगतो खरा मथळा कुठे आहे. तिथे पी आणि ई ही अक्षरं. त्याच्या पुढे फाइलीच्या विभागांची यादी, आणि त्यातला एक विभाग रिसोर्सचा.

रिसोर्स विभाग झाडासारखा असतो, तीन पातळ्यांचा. पहिली पातळी प्रकाराची: आयकॉन, मेनू, वाक्यं वगैरे. दुसरी त्या वस्तूच्या नावाची किंवा क्रमांकाची. तिसरी भाषेची. ही तिसरी पातळी लक्षात ठेवा, तिच्याकडे आपण परत येणार आहोत.

आता खरी मेख. आपल्याला एक आयकॉन दिसतो, पण आत तो एकटा नसतो. टास्कबारसाठी लहान, डेस्कटॉपसाठी मोठा, असे एकाच चित्राचे अनेक आकार असतात: १६, ३२, ४८, आणि विस्टापासून २५६. प्रत्येक आकार आयकॉन या प्रकारात सुटा सुटा ठेवलेला असतो. आणि कुठले सुटे तुकडे एकाच कुटुंबातले आहेत याची यादी वेगळ्या प्रकारात असते, नंबर १४, आयकॉन ग्रुप. म्हणून नुसते तुकडे काढून भागत नाही. आधी यादी वाचायची, मग तिच्यातल्या क्रमांकांप्रमाणे तुकडे गोळा करायचे, आणि मग त्यांची आयसीओ फाइल शिवायची.

शिवताना एक बारीक फरक सांभाळावा लागतो. ईएक्सईच्या आतल्या यादीत प्रत्येक नोंद १४ बाइटची असते, आणि तिच्या शेवटी तुकड्याचा क्रमांक असतो. बाहेरच्या आयसीओ फाइलीत तीच नोंद १६ बाइटची, आणि शेवटी क्रमांकाऐवजी तुकडा फाइलीत कुठे सुरू होतो तो पत्ता. या दोन बाइटकडे दुर्लक्ष केलं की चित्र उघडतच नाही. आणखी एक गंमत: रुंदी लिहायला एकच बाइट दिलाय, आणि एका बाइटमध्ये जास्तीत जास्त २५५ मावतात. मग २५६ रुंदीचं चित्र आलं तेव्हा काय केलं? तिथे शून्य लिहायचं ठरवलं.

हे सगळं हातानं कुणी करत नाही म्हणा. ऑस्ट्रेलियातल्या अँगस जॉन्सन यांचं रिसोर्स हॅकर हे यातलं सगळ्यात प्रसिद्ध साधन. एक्सपीच्या दिवसांत स्टार्ट बटणावर 'स्टार्ट'ऐवजी स्वतःचं नाव लिहायची हौस लोक याच्यावरच भागवत, एक्सप्लोररच्या फाइलीतलं ते एक वाक्य बदलून. नीरसॉफ्टची छोटी मोफत साधनं आहेत. लिनक्सवर आयकॉयुटिल्स नावाचा संच आहे, त्यातला रेसटूल हा प्रोग्रॅम तुकडे काढतो आणि आयकोटूल ते हाताळतो.

माझ्या नोकरीत हे काम मला खरोखर करावं लागलंय. एका दुकानाचं जुनं बिलिंग सॉफ्टवेअर आम्ही नव्यानं लिहीत होतो. मूळ सोर्स कोड कुणाकडेच नव्हता, चित्रंही नव्हती, फक्त चालणारी ईएक्सई होती. काउंटरवरचे काका प्रोग्रॅमला नावानं ओळखतच नव्हते. 'ती निळी वही उघड' असं म्हणायचे. नवीन प्रोग्रॅमला चकचकीत लोगो देऊन चाललं नसतं, निळी वहीच हवी होती. रेसटूलनं ती बाहेर आली: ३२ बाय ३२, १६ रंग. तिच्यावरून मोठं चित्र पुन्हा काढलं. एवढ्या वर्षांत त्या प्रोग्रॅमचं सगळं हरवलं होतं, चेहरा तेवढा शाबूत होता, कारण तो पोटात होता.

मराठीचा नंबर

मघाशी झाडाची तिसरी पातळी सांगितली, भाषेची. विंडोजमध्ये प्रत्येक भाषेला एक क्रमांक आहे. अमेरिकन इंग्रजीचा १०३३. मराठीचा ११०२. कोकणीचा ११११.

क्रमांक आहे म्हणजे भाषेला कपाटात कप्पा आहे. पण कप्पा असून उपयोग नाही, त्यात अक्षरं मावली पाहिजेत. जुन्या १६ बिट विंडोजच्या साच्यात वाक्यं ज्या पद्धतीनं साठवत, तिच्यात देवनागरीला जागाच नव्हती. म्हणून त्या काळात मराठी टायपिंग म्हणजे फाँटची कसरत. इंग्रजी अक्षराच्या जागी मराठी आकार दाखवायचा, आणि फाँट नसलेल्या कॉम्प्युटरवर सगळं गचाळ दिसायचं. पीई साच्यात वाक्यं युनिकोडमध्ये ठेवायला सुरुवात झाली. विंडोज २००० मध्ये देवनागरी नीट दिसू लागली, मंगल फाँट त्याच सुमाराचा. आणि एक्सपीच्या काळात मराठीसाठी लँग्वेज इंटरफेस पॅक आला.

तो पॅक टाकला की मेनू मराठीत दिसायचे. यासाठी विंडोजचा कोड कुणी मराठीत लिहिला नाही. बदलली ती फक्त कपाटातली वाक्यं. हॉर्नच्या टीमनं १९८४ मध्ये जे वेगळं ठेवायचं ठरवलं, त्याच विचारानं ११०२ क्रमांकाच्या कप्प्यात मराठी जाऊन बसली. विस्टापासून तर प्रत्येक भाषेची वाक्यं वेगळ्या फाइलीतच ठेवायची पद्धत पडली.

उसना चेहरा

इथवर सगळं छान आहे. आता दुसरी बाजू.

आयकॉन प्रोग्रॅमच्या पोटात असतो, म्हणजे तो कुठला असावा हे प्रोग्रॅम बनवणाराच ठरवतो. तो खरा आहे का हे विंडोज तपासत नाही. फोल्डरचं पिवळं चित्रही असंच एका सिस्टम फाइलीतून काढता येतं आणि कुठल्याही ईएक्सईत घालता येतं.

२००० च्या दशकात ज्यांनी कॉलेजची लॅब किंवा सायबर कॅफे पाहिलाय, त्यांना 'न्यू फोल्डर' व्हायरस आठवत असेल. पेन ड्राइव्ह लावला की आत एक पिवळा फोल्डर. प्रत्यक्षात ती असायची ईएक्सई, फोल्डरचा चेहरा लावलेली. विंडोज ओळखीच्या फाइलींचं शेपूट मुळातच लपवून ठेवते, त्यामुळे नावातलं ईएक्सई दिसायचं नाही. चित्र फोल्डरचं, नाव फोल्डरचं, मग माणूस डबल क्लिक करणारच. झेरॉक्सच्या दुकानातून पेन ड्राइव्ह परत आणला की आधी तो स्कॅन करायचा, ही सवय आपल्याला असल्याच पाहुण्यांनी लावली.

नुसतं बघितलं तरी

निदान इथे क्लिक तरी करावं लागायचं. २०१० मध्ये तीही गरज उरली नाही.

जून २०१० मध्ये बेलारूसच्या व्हायरसब्लोकअडा या कंपनीला एक विचित्र किडा सापडला. तो पेन ड्राइव्हमधून पसरायचा, आणि ड्राइव्हचा फोल्डर उघडून नुसती यादी बघितली तरी चालू व्हायचा. पुढे जग त्याला स्टक्सनेट म्हणू लागलं. इराणमधल्या नतान्झच्या युरेनियम समृद्धीकरण केंद्रातले सेंट्रिफ्यूज बिघडवण्यासाठी तो बनवला होता.

तो आत शिरला कसा? आयकॉनमधून. म्हणजे चित्रात विष नव्हतं, चित्र मिळवायच्या पद्धतीत खोट होती. साध्या शॉर्टकटचा आयकॉन दाखवायचा तर विंडोजला फाइलीतलं कपाट वाचून भागतं. पण कंट्रोल पॅनलच्या वस्तूंचा नियम वेगळा होता. परिस्थितीप्रमाणे त्यांचा आयकॉन बदलू शकतो, म्हणून त्या फाइलीलाच विचारायचं, 'बाई, आज तुझा चेहरा कुठला?' आणि विचारायचं म्हणजे ती फाइल मेमरीत आणून तिचा कोड चालू करायचा. हल्लेखोरांनी पेन ड्राइव्हवर असा शॉर्टकट ठेवला, जो म्हणतो मी कंट्रोल पॅनलचा, आणि बोट दाखवतो त्यांच्याच फाइलीकडे. विंडोज चेहरा विचारायला गेली आणि दार उघडून बसली.

प्रोग्रॅमरसाठी हा फरक एका ओळीचा आहे. फाइल 'डेटा म्हणून' उघडता येते किंवा 'चालवण्यासाठी' उघडता येते. पहिल्या प्रकारात कपाट वाचता येतं आणि आतला कोड निपचित पडून राहतो. दुसऱ्या प्रकारात तो जागा होतो. मायक्रोसॉफ्टनं २ ऑगस्ट २०१० ला दुरुस्ती दिली. मार्च २०१५ मध्ये लक्षात आलं की दुरुस्ती अपुरी होती, म्हणून पुन्हा दिली. २०१७ च्या जूनमध्ये याच शॉर्टकटच्या भानगडीसाठी आणखी एक दुरुस्ती आली.

लिनक्सवाल्यांनी हसायचं कारण नाही. जुलै २०१७ मध्ये कळलं, की लिनक्सवर विंडोजच्या फाइलींची छोटी चित्रं दाखवणाऱ्या एका प्रोग्रॅमला फसवता येतं. फाइलीच्या नावातच सूचना लिहिल्या की चित्र तयार करता करता तो त्या सूचना चालवायचा. पुन्हा तेच. बघायला गेलो आणि चालवून बसलो.

आता तुमचा फोन

तुमच्यापैकी बहुतेक जण हे फोनवर ऐकताय, म्हणून फोनकडे येतो.

अँड्रॉइडचं ॲप म्हणजे एपीके. ही फाइल खरं तर एक झिप आहे. तिच्या नावाचं शेपूट बदलून झिप केलं की कुठलंही साधं साधन ती उघडतं. आत कोडची फाइल वेगळी आणि रिसोर्स वेगळे. बनवणाऱ्याच्या बाजूला एकच आयकॉन वेगवेगळ्या पडद्यांसाठी ४८, ७२, ९६, १४४ आणि १९२ पिक्सेलमध्ये ठेवायची पद्धत आहे. वाक्यांसाठी भाषेप्रमाणे फोल्डर असतात, आणि मराठीच्या फोल्डरच्या शेवटी एम-आर लिहितात. तो भरला की फोनची भाषा मराठी असणाऱ्याला ॲप मराठीत दिसतं. एपीकेटूल नावाचं साधन हे सगळं तयार एपीकेतून पुन्हा मोकळं करून दाखवतं. मॅकच्या कपाटाचंच हे नातवंड.

आणि जुना दोषही वारशात आला आहे. एपीकेचा आयकॉन बनवणारा ठरवतो. नोव्हेंबर २०१७ मध्ये खुद्द प्ले स्टोअरवर व्हॉट्सॲपचं एक खोटं ॲप होतं. चेहरा तोच. कंपनीचं नावही तेच दिसायचं, फक्त शेवटी एक न दिसणारी मोकळी जागा जोडलेली. दहा लाखांहून जास्त वेळा ते डाउनलोड झालं, मग काढून टाकलं.

आता आपल्याकडे लग्नपत्रिका आणि आरटीओच्या दंडाच्या चलनाच्या नावानं एपीके पाठवतात. नाव पत्रिकेचं, चेहरा सरकारी किंवा बँकेचा, आणि इन्स्टॉल झालं की मागणी एसएमएस वाचायच्या परवानगीची. ती का, हे सांगायला नको, बँकेचा ओटीपी एसएमएसनंच येतो. पेन ड्राइव्हवरचा पिवळा फोल्डर आणि ही पत्रिका यांची युक्ती एकच, फक्त पूर्वी कॉलेजचा प्रोजेक्ट जायचा, आता आईबाबांच्या खात्यातले पैसे जातात.

म्हणून तीन साध्या गोष्टी. पहिली: पत्रिका फोटो असते किंवा पीडीएफ असते. 'इन्स्टॉल करू का?' असं फोननं विचारलं, की समोर कागद नाही, प्रोग्रॅम आहे. चित्र काहीही असो. दुसरी: कॉम्प्युटरवर फाइलींची शेपटं दिसतील अशी सेटिंग आजच करून ठेवा. तिसरी: ॲपची खरी ओळख त्याच्या आयकॉनमध्ये नसते, पॅकेजच्या नावात आणि डिजिटल सहीत असते. सही एवढंच सांगते की हे अपडेट आधीच्याच माणसाकडून आलंय. तो माणूस कोण, हे मात्र आपल्यालाच बघावं लागतं.

आणि हो, भीती वाटून कपाट उघडायचं सोडू नका. तुमच्या कॉम्प्युटरवरच्या एखाद्या जुन्या गेमची ईएक्सई घ्या, रिसोर्स हॅकरमध्ये उघडा. ते फाइल चालवत नाही, वाचतं. आत मेनू दिसतील, चित्रं दिसतील, कदाचित न वापरलेलं एखादं वाक्यही दिसेल. पाहणं आणि शिकणं वेगळं, मात्र तीच चित्रं स्वतःच्या ॲपमध्ये लावू नका, ती ज्यांनी काढली त्यांची असतात.

२०१२ मध्ये न्यूयॉर्कच्या काही हौशी लोकांनी रस्त्यावर टाकून दिलेल्या मॅकिंटॉश एसईच्या रॉम चिपमधून असेच फोटो बाहेर काढले होते. ते बनवणाऱ्या टीमच्या माणसांचे फोटो, १९८७ पासून आत बसलेले. विंडोज १.० ची यादी निघायला तर त्यानंतरही दहा वर्षं गेली. म्हणजे जुन्या फाइलींच्या पोटात अजून बरंच काही असणार. तुम्हाला काही सापडलं तर मला नक्की कळवा.

घरच्या ग्रुपवर हा भाग पाठवा, विशेषतः जिथे पत्रिका येतात तिथे. पुढच्या भागात भेटू. तोवर नमस्कार!